आवडता गेमप्रकार कोणता, आणि त्यात तुम्हाला नेमकं काय मिळतं?

घाटवाट

गेल्या आठवड्यात पुतण्या राहायला आला होता. नववीत आहे. त्याने विचारलं, "काका, तुला कुठल्या प्रकारचे गेम आवडतात?" मी लगेच म्हटलं, शूटर. त्याला आनंद झाला. मोबाईल हातात दिला आणि बीजीएमआय, म्हणजे विमानातून उतरून शेवटपर्यंत टिकायच्या शूटरच्या मॅचमध्ये मला घेतलं. चार मॅच खेळलो. पोरगं शेजारी बसून मनापासून समजावत होतं, तरी मला गोडी लागेना. शेवटी तोच म्हणाला, "तुला शूटर आवडतात ना? मग हा का नाही आवडत?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

माझ्या लेखी शूटर म्हणजे 'प्रोजेक्ट आयजीआय'. २००० साली आलेला गेम, आमच्या साताऱ्यातल्या सायबर कॅफेत प्रत्येक मशीनवर असायचा. त्यात मी काय करायचो ते या आठवड्यात नीट आठवून पाहिलं. पहिली दहा मिनिटं गोळी झाडायचोच नाही. टेकडीवर दबा धरून बसायचं आणि दुर्बीण काढायची. पहारेकरी कुठून कुठे चालतो, कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात आहे, अलार्मचं बटण कुठल्या भिंतीला आहे, सगळं हेरून ठेवायचं. मग नकाशा उघडून अख्खा तळ वरून बघायचा. मिशनच्या मधे सेव्ह करायची सोय नव्हती. शेवटच्या दाराशी मेलो तरी पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या-पाचव्या खेपेला तो तळ आपल्या वाड्यासारखा पाठ झालेला असायचा. अलार्म न वाजता आत जाऊन बाहेर आलो की छाती भरून यायची.

माझा दुसरा लाडका गेम 'एज ऑफ एम्पायर्स टू', १९९९ चा. तो स्ट्रॅटेजी. पण तिथेही माझं काम तेच: लांबून बघायचं, बेत आखायचा, आणि तो जमिनीवर उतरताना पाहायचा. म्हणजे प्रकार दोन, पण मजा एकच. आणि पुतण्याचा शूटर नि माझा शूटर, नाव एकच, पण मजा अगदी वेगळी. 'फर्स्ट पर्सन शूटर' या नावातून कॅमेरा कुठे आहे आणि हातात काय आहे एवढंच कळतं. माणूस रात्री जागून ते का खेळतो, हे कळत नाही.

तर नुसती नावं टाकू नका. तुमच्या आवडत्या प्रकारातला एक प्रसंग सांगा, जिथे तुम्हाला वाटतं, 'यासाठीच मी हे खेळतो'.

बी_साईट

घाटवाट, तुमचं वर्णन वाचून मला इतक्या वर्षांनी कळलं की आयजीआय मला का रुचला नाही. त्यात माणूस एकटा असतो.

मी काउंटर-स्ट्राइक १.६ वाला. कोल्हापूर, अकरावी-बारावी, क्लास सुटला की कॅफे. दहा मशीन, पाच इकडे पाच तिकडे, पाठीला पाठ लावून. ज्यांनी खेळला नाही त्यांना वाटतं, नुसता गोळीबार. पण निम्मा गेम पैशांचा आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर. एके २५०० ची, एम-फोर ३१०० ची, लांबून टिपणारी एडब्ल्यूपी ४७५० ची. राउंड हरलात की ठरवायचं, आत्ता मिळेल ते घेऊन झुंजायचं की पाचही जणांनी पिस्तुलावर भागवून पुढच्या राउंडसाठी साठवायचं. याला 'इको' म्हणायचं. एकाने जरी हावरटपणा करून बंदूक घेतली तरी सगळ्यांचं गणित बिघडतं. मित्र ओळखायला यापेक्षा चांगली जागा मला मिळाली नाही.

आणि मॅप एकच, डस्ट-टू. डेव्ह जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये केलेला. हजार वेळा खेळलो असू, कंटाळा नाही. कबड्डीचं मैदान बदलत नाही म्हणून कुणाला कंटाळा येतो का?

तुम्ही प्रसंग मागितलात. आमचे चार गेलेले, एक मी उरलोय, समोर दोन. बॉम्ब लागलेला, टिकटिक वाढत चाललेली. मेलेले चौघे खुर्च्या सोडून माझ्या मागे येऊन उभे. इतका वेळ "टनेलला दोन, टनेलला दोन!" म्हणून घसा फोडणारी पोरं आता एक शब्द बोलत नाहीत, कारण बोललं तर मला पावलांचा आवाज ऐकू येणार नाही. मानेवर त्यांचा श्वास लागतोय. तो राउंड जिंकलो की हरलो ते आता आठवत नाही, पण ती शांतता आठवते. पुढे घरी ऑनलाइन खेळून पाहिलं. गेम तोच होता, पण पाठीमागे कोणी नव्हतं.

पहाटवारा

वाचतेय. छान धागा. मुलांना झोपवून रात्री लिहिते.

खिडकीजवळ

माझं उत्तर एका शब्दात: टेट्रिस. रोज सकाळी ठाण्याहून लोकलमध्ये, उभ्याने, एका हाताने.

मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात हा गेम केला. ज्या मशीनवर केला त्यावर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून तुकडे कंसांनी काढलेले. म्हणजे पहिल्या दिवसापासून यात गोष्ट नाही, नायक नाही, रंगसुद्धा नाही. दहा रकाने, वीस ओळी, सात आकार. तरीही चाळीस वर्षं माणसं खेळतायत.

का? माझ्यापुरतं सांगते. फडताळात डबे नीट बसले की जे वाटतं ते हे दर दहा सेकंदांनी देतं. आणि रचलेलं नाहीसं होतं, हे महत्त्वाचं. चूक मात्र राहते. केलेलं पुसलं जातं आणि न जमलेलं तेवढं डोळ्यासमोर उरतं, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जायला वाव नाही. दादर कधी आलं कळत नाही.

एक बारीक गोष्ट, खेळणाऱ्यांनी लक्ष देऊन पाहावी अशी. जुन्या टेट्रिसमध्ये उभी दांडी कधी येईल याचा भरवसा नसायचा. पन्नास-पन्नास तुकडे वाट बघायला लावायची. हल्लीच्या बहुतेक टेट्रिसमध्ये सातही आकार जणू एका पिशवीत घालून ढवळतात आणि पिशवी रिकामी झाल्यावरच पुन्हा भरतात. म्हणजे दांडी येणार याची खात्री असते, फक्त कधी ते ठाऊक नसतं. या एका बदलाने नशिबाचा खेळ आखणीचा झाला. घाटवाट, तुम्हाला नवा आवडेल बघा.

आणि निन्टेन्डोच्या जुन्या टेट्रिसचं ज्याला शेवट म्हणता येईल असं टोक डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने गाठलं. लेव्हल १५७ ला गेमच गोठला. माणसापुढे मशीन थांबलं, तेही खेळ निघाल्यावर तीन दशकांहून जास्त काळाने. तो व्हिडिओ बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चार_आणे

आमच्या पिढीचं कोणी आहे का इथे? कॅफेच्याही आधी पार्लर होती. उभं मशीन, लाल गोळ्याची दांडी, सहा बटणं, आणि 'मुस्तफा'. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा, पण ते नाव उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. चार पात्रांतलं एक मुस्तफा, पळत येऊन लाथ घालणारा, आणि त्याच्या नावाने अख्खा गेम ओळखला गेला. तीन जण एकाच वेळी खेळू शकायचे. अनोळखी माणूस येऊन नाणं टाकायचा आणि शेजारी उभा राहायचा. नाव विचारायची गरज नसायची. खायची एखादी थाळी पडली, की ज्याची लाइफ कमी त्याला ती सोडायची, हे कोणी शिकवलं नव्हतं पण सगळे पाळायचे. बीट-एम-अप, म्हणजे मारामारी करत पुढे जायचा हा प्रकार आज मागे पडलाय. मला त्यातलं मारणं आठवत नाही, ती सोडलेली थाळी आठवते.

शाईदौत

वरचे प्रतिसाद वाचताना रिचर्ड बार्टल आठवले. त्यांनी १९७८ च्या सुमारास रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात पहिलं 'मड' केलं. अनेकांनी एकाच वेळी खेळायचं, सगळं मजकुरातून चालणारं जग. पुढे १९९६ मध्ये त्यांनी खेळणाऱ्यांची चार पानं मांडली, पत्त्यांची. चौकट म्हणजे मिळवणारे, धन आणि लेव्हल गोळा करणारे. इस्पिक म्हणजे खणणारे, कोपरान्‌कोपरा हुडकणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. किलवर म्हणजे दुसऱ्यावर कुरघोडी करायला येणारे. घाटवाट इस्पिक, बी_साईट आणि चार_आणे दोघेही चक्क बदाम, हातात बंदूक नि लाथ असली तरी. बार्टल यांनी हे मडपुरतं मांडलं होतं, सगळ्या गेमना लावू नये, हे मान्य. पण एका प्रकारात चारही पानं सापडतात हे तर इथेच दिसतंय.

मी पक्की इस्पिक. माझा प्रकार शोधाचा, त्यातही जिथे गेम उत्तर सांगत नाही असा. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', लुकस पोप यांचा, २०१८. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज रिकामं परत येतं. तुम्ही कंपनीचे विम्याचे निरीक्षक. जहाजावर साठ जण होते. प्रत्येकाचं नाव आणि तो कसा गेला, एवढं वहीत भरायचं. चित्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं. प्रत्येक मृत्यूचा एकच गोठलेला क्षण तुम्हाला बघायला मिळतो, त्यात हिंडता येतं, पण काही बदलता येत नाही.

यादीत भारतीय खलाशीही आहेत. इतक्या खलाशांत कोण कोणता, हे ओळखायचं कसं? एका संध्याकाळी मी खलाशांच्या झोळ्यांच्या दृश्यात उभी होते. प्रत्येक झोळीला क्रमांक. यादीतही क्रमांक. मग एका झोळीतून बाहेर आलेले पाय दिसले, बूट घातलेले, आणि तेच बूट दुसऱ्या दृश्यात कोणाच्या पायात होते ते आठवलं. मी उठून उभी राहिले, खरंच खुर्चीतून उभी राहिले. गेम चकार शब्द बोलला नव्हता. तिघांची नावं आणि शेवट बरोबर भरल्यावरच तो ते पक्कं करतो, त्यामुळे एकेकावर अंदाज मारून चालत नाही. मला यात जे मिळतं ते म्हणजे समोरच्याचा विश्वास. गेम करणाऱ्याने धरून चाललंय की मी लक्ष देईन.

रातकिडा

सोल्सलाइक, म्हणजे पुन्हा पुन्हा मरून शिकायचे कठीण गेम. डार्क सोल्स (२०११), एल्डन रिंग (२०२२), हिदेताका मियाझाकी यांचे. 'स्वतःला का छळून घेता' असं मला घरातले विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

एल्डन रिंगमध्ये सुरुवातीलाच मार्गिट नावाचा दांडगा भेटतो. तो काठी उगारतो आणि थांबतो. आपण उगारलेली काठी बघून लोळण घेतो, लोळण संपते, आणि मग काठी बसते. पहिल्या वीस वेळा मी असाच मेलो. मग लक्षात आलं, मी त्याच्याकडे बघतच नाहीये, मी माझ्या भीतीला उत्तर देतोय. एकविसाव्या वेळी हात खाली यायला लागल्यावर लोळलो. वाचलो. तो हरला त्याच्या कितीतरी आधी, त्या एका लोळणीला मला जे वाटलं, त्यासाठी मी हा प्रकार खेळतो.

पहाटवारा

आली. मुलं झोपली.

रातकिडा, तुमचा प्रतिसाद आवडला, पण मला ते कधीच जमणार नाही. मी दिवसभर कामाच्या ठिकाणी माणसांना उत्तरं देत असते. रात्री अकराला मला आणखी कोणी काठी उगारून उभा नको. मी 'स्टारड्यू व्हॅली' खेळते. २०१६ चा, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं राबून केलेला: चित्रं, संगीत, लिखाण, सगळं त्याचं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. द्राक्षं आणि कांदा. शेतीचा गेम खेळते म्हटल्यावर वडिलांना वाटलं, पोरगी शेतीला हसतेय. त्यांना शेजारी बसवून दाखवला. पार्सनिप म्हणून गाजरासारखं कंद असतं. बी वीसला. रोज पाणी घालायचं, चौथ्या दिवशी निघतं. पेटीत टाकलं की सकाळी पस्तीस हातात. वडील बराच वेळ बघत होते. म्हणाले, "भाव रोज हाच?" मी म्हटलं, हो, साध्या मालाला हाच. कितीही पिकवला तरी. "आणि गारा?" नाही. वादळ येतं, वीज पडते एखाद्या रोपावर. कावळे येतात, बुजगावणं लावलं की येत नाहीत. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लाव अजून एक वाफा."

घाटवाटांच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यात आलं. हा गेम शेतीची नक्कल करत नाही. शेतकऱ्याच्या घरात जे कधी मिळालं नाही ते तो देतो: आज घाम गाळला तर चौथ्या दिवशी अमुक इतकं मिळणार, ही खात्री. आमच्या घरात कांदा काढून ट्रॉली भरेपर्यंत कोणी पैशाचं नाव काढायचं नाही, अपशकुन म्हणून. त्या घरातल्या मुलीला या खात्रीचं किती अप्रूप वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

गेममधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. मी रोज दोनच दिवस खेळते. रात्री दोनला पात्र दमून कोसळतं, म्हणजे तिथेही वेळेवर झोपावं लागतंच.

रातकिडा

पहाटवारा, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. एकच भर घालतो. माझ्याही नोकरीत हार असते, पण का हरलो ते कोणी सांगत नाही. मार्गिट सांगतो. काठी किती वेळ थांबते ते दर वेळी तेच असतं. तुम्हाला भावाची खात्री हवी, मला काठीची. कदाचित आपण दोघं तेच शोधतोय.

मेपल_मोगरा

टोरोंटोहून. मी आणि पुण्यातला धाकटा भाऊ दर शनिवारी एज ऑफ एम्पायर्स टू खेळतो, २०१९ ची नवी आवृत्ती. माझी सकाळ, त्याची संध्याकाळ. २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही त्यातली भर आल्यापासून तो खेळायला द्रविड सोडून दुसरं साम्राज्य घेत नाही.

घाटवाटांसारखी आखणी मला जमत नाही. मला त्यातली पहिली पाच मिनिटं आवडतात. तीन गावकरी, एक घोडेस्वार, सगळीकडे काळोख. पन्नास अन्न दिलं की पंचवीस सेकंदांत नवा गावकरी. याला मेंढ्यांवर, त्याला लाकडावर. कोणी एक शिकारीला जाऊन रानडुकराला बाण मारतो आणि ते मागे लागल्यावर टाऊन सेंटरकडे धूम ठोकतो. या वेळात भांडण नसतं, लढाई नसते, हात आपोआप चालतात. तेव्हा आम्ही बोलतो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, त्याचं लग्न जुळणं, घर विकायचं की नाही, सगळं त्या काळोख्या युगात ठरलंय. नुसता फोन केला तर दोघांनाही बोलायला सुचत नाही. मग लढाई सुरू होते आणि तो चॅटमध्ये ११ टाइप करतो, की गेममध्ये हसण्याचा आवाज येतो. ज्यांना ते हसणं माहीत आहे त्यांना माहीत आहे.

जाता जाता: इथल्याच एका स्टुडिओचा 'वेन्बा' (२०२३) जरूर खेळा. कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या वहीतली पुसट कृती जुळवत इडली करायची. आणि आपल्या पुण्यात घडलेला 'राजी' (२०२०) तर राहूच देऊ नका. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत गोष्ट सांगतात, त्या निवेदनासाठी.

लाल_डबा

बरेच दिवस इथे नुसता वाचतो. आज लिहितो.

सिम्युलेटर. त्यातही बसचे. माझे वडील एसटीत चालक होते, एकतीस वर्षं. निवृत्तीनंतर डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली. तेव्हापासून घरात गप्प असायचे. मी फोनवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' टाकून दिला. २०१७ चा आहे. इंडोनेशियातही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे, सगळं हाताला ओळखीचं. आपल्याकडच्या पोरांनी त्यात लालपरीचे मॉड, म्हणजे गेममध्ये घालायच्या आपल्या गाड्या, केलेत. लाल रंग, पुढे पाटी, सगळं.

वडिलांनी फोन दोन्ही हातांत धरला. पहिल्या वळणाला मी म्हणणार होतो की हॉर्नचं बटण इथे आहे, तोवर त्यांनी आरसा कुठे आहे ते विचारलं. थांबा आला. गाडी कडेला घेतली, दार उघडलं. प्रवासी चढले. दार लागलं. पण गाडी हलेना. मला वाटलं, अडकला गेम. "काय झालं, बाबा?" म्हणाले, "डबल बेल नाही आली अजून."

मी बेल मारल्यासारखं टेबलावर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर ते जावाच्या रस्त्यांवर एसटी चालवतात. ओव्हरटेक कधी करत नाहीत. बक्षिसं, नवी गाडी, यातलं काही त्यांना नको असतं. बार्टल यांच्या चार पानांत ते कुठे बसतात, शाईदौत, मला सांगता येत नाही. त्यांच्या हातांना जे येतं ते हातांनी पुन्हा केलं, एवढंच.

शाईदौत

लाल_डबा, मलाही सांगता येत नाही. त्यांना नमस्कार सांगा.

बी_साईट

दादा, अजून टेबलावर टकटक करूनच बेल देता का?

लाल_डबा

नाही, आता माझी मुलगी शेजारी बसते. सहा वर्षांची आहे. एक टिंग थांबायला, दोन टिंग निघायला, तोंडाने देते. मधेच "पुढे सरका, पुढे सरका" पण म्हणते, ते त्यांनीच शिकवलंय.

घाटवाट

सगळ्यांना वेगवेगळं लिहितो उद्या, आज एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. पुतण्याला फोन करून विचारलं, तुला तुझ्या मॅचमध्ये काय आवडतं. तो म्हणाला, "काका, मी आणि सोहम विमानातून एकत्र उडी मारतो ना, खाली पोचेपर्यंत सहसा कोणी मारत नाही, तेव्हा आम्ही बोलतो." मेपल_मोगरा, तुमची काळोख्या युगातली पाच मिनिटं ती हीच.

रविवारी तो परत येतोय. एज ऑफ एम्पायर्स लावणार आहे, घोडेस्वार त्याच्याकडे देईन. चौघे हवेत, आम्ही दोघे आहोत. भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊ. कोण येतंय?

मेपल_मोगरा

मी आणि भाऊ. डुकरं आमच्याकडे.